चादर आखूड की गादी जाड?

येलहंक्याला येऊन आता अकरा महिने झाले. या गावावर लिहायचं म्हटलं की पहिल्यांदा केंपेगौडा आठवतो. तो इथलाच सरदार, आणि १५३७ मध्ये त्याने इथून दक्षिणेला जाऊन बंगळूरचा मातीचा किल्ला आणि पेठ वसवली. मग शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर आलेले आपले शहाजीराजे, त्यांना मिळालेली बंगळूरची जहागीर, हेही आलंच. त्यावर मी लिहिणार आहे, नोट्स काढून ठेवल्या आहेत. पण गेले दोन महिने माझ्या डोक्यात वेगळाच इतिहास घोळतोय आणि तो चादरीचा आहे. वेटरन मंडळींनी हसू नये. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

झालं असं की अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या घरात न्हाणीघरापाशी घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७८. ऑपरेशन व्यवस्थित झालं आणि आम्ही त्यांना इथे घेऊन आलो. आमचं भाड्याचं घर उपनगरात, म्हणजे येलहंका न्यू टाऊनमध्ये आहे. त्यांच्यासाठी नवी गादी मागवली, ७८ बाय ३६ इंच, ८ इंच जाड. बावीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःच्या पैशाने घेतलेली ही पहिली गादी. हे वाचून सिव्हिलियन मित्रांना नवल वाटेल, फौजी मित्रांना वाटणार नाही. आपलं आयुष्य एमईएसच्या खाटांवर गेलं. दोन सिंगल खाटा जोडल्या की डबल बेड तयार, आणि मधली फट ही सरकारी देणगी. आमची मुलगी लहानपणी त्या फटीत झोपायची आणि तिला ती तिचीच जागा वाटायची. अशा पलंगाला इलॅस्टिकची चादर बसण्याचा प्रश्नच नव्हता. साधी चादर घ्यायची, दोन्ही गाद्यांवर आडवी टाकायची आणि कडेने खोचायची.

तशीच चादर मी अण्णांच्या नव्या गादीवर घातली. खडकवासल्याला शिकलो होतो तसे कोपरे मोडले, पंचेचाळीस अंशात. पहिल्या टर्मला या कोपऱ्यांसाठी किती रात्री जमिनीवर झोपून काढल्या ते ज्याचं त्याला माहीत. सकाळच्या इन्स्पेक्शनला पलंग विस्कटायला नको म्हणून पलंगावर झोपायचंच नाही, हा युक्तिवाद तेव्हा फार सुज्ञपणाचा वाटे. त्यामुळे चादर घालण्याच्या बाबतीत मला थोडा गर्व होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. डोक्याकडची बाजू सुटून आली होती आणि अण्णांच्या पाठीखाली चादरीच्या चुण्यांचा दोर झाला होता.

तपासणीला नेलं तेव्हा लष्करी रुग्णालयातल्या नर्सिंग सिस्टरने त्यांना कुशीवर वळवलं, माकडहाडावरची जागा पाहिली आणि मला जवळ बोलावलं. रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. "सर, ही बेडसोअरची सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस बदला, कातडी कोरडी ठेवा आणि पाठीखाली एक चुणी राहता कामा नये." मी म्हटलं, चादर घट्ट घालतो पण सुटून येते. त्या म्हणाल्या, गादी किती जाड आहे?

या प्रश्नाचं महत्त्व मला घरी येऊन, टेप हातात घेतल्यावर कळलं. आपल्याकडे सिंगल चादर म्हणून जी विकली जाते ती साधारण ६० बाय ९० इंच. आमच्या लहानपणीची कापसाची गादी ७२ बाय ३६ आणि जाडी चार इंच, पिंजाऱ्याने नुकती भरून दिलेली असेल तर पाच. ९० मधून ७२ गेले, उरले १८. प्रत्येक टोकाला नऊ इंच. चार इंच गादीची उंची झाकायला, पाच इंच खाली खोचायला. चादर हलत नसे. आता नव्या गादीचा हिशेब करा. ९० मधून ७८ गेले, उरले १२, टोकाला सहा इंच. गादी आठ इंच जाड. म्हणजे चादर गादीच्या तळापर्यंत पोचतच नाही, खोचणार काय? मी जे कोपरे मोडले होते ते नुसते शोभेचे होते.

चादर तेवढीच राहिली, गादी जाड झाली, आणि इलॅस्टिकच्या चादरीचा इतिहास मुळात हाच आहे. चारही कोपरे शिवलेली चादर अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्याला आली. बर्था बर्मन या बाईंना १९५९ मध्ये तिच्या एका रचनेचं पेटंट मिळालं. पुढे तिथल्या गाद्या आणखी जाड झाल्या आणि या चादरीही सुटू लागल्या. तेव्हा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या जिझेल ज्युबिनव्हिल या गृहिणीने खोल कोपऱ्यांची चादर बेतली. घरात रोज रोज सुटणाऱ्या चादरीला कंटाळून दोन बायकांनी सोडवलेला हा प्रश्न आहे.

चादर घट्ट घालण्याची आपली पद्धत त्याहून जुनी आणि ती दवाखान्यातून आली. 'हॉस्पिटल कॉर्नर' हे नावच सांगतं. १८८८ मध्ये मिस कॅथरिन लॉक आणि त्यांच्याबरोबरच्या मोजक्या प्रशिक्षित परिचारिका मुंबईला उतरल्या. आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा उगम तिथला. बराकीतल्या उस्तादाने आम्हाला कोपरा शिकवला तो शिस्त म्हणून, परिचारिका तो घालत आल्या रुग्णाच्या कातडीसाठी. मी वीस वर्षं पहिल्याच अर्थाने तो घालत होतो.

मग बाजार पाहायला लागलो. आणि इथे अण्णा पलंगावरून मैदानात उतरले.

आमचं घर गिरणीचं. अण्णा सोलापूरच्या एका कापड गिरणीत विणखात्यात होते, साचेवाल्यापासून जॉबरपर्यंत चढले. गिरणीचं नाव लिहीत नाही. ती नव्वदच्या दशकात बंद पडली आणि त्यांचे काही पैसे त्यात बुडाले ते बुडालेच. मी १९९८ साली खडकवासल्याला निघालो तेव्हा घरात पगार येणं बंद झालं होतं. अॅकॅडमीत शिक्षणाचा खर्च सरकार करतं, हे आमच्या घरी एनडीएचं सर्वांत मोठं आकर्षण होतं, देशभक्ती नंतर आली. माझ्या ट्रंकेत अण्णांनी दोन सोलापुरी चादरी ठेवल्या होत्या. त्यानंतर ते पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात रोजावर जाऊ लागले, पूर्वी ज्यांना हाताखाली शिकवलं त्यांच्याच शेजारी.

सोलापूरची गोष्ट बाहेरच्यांना चादरीपुरतीच माहीत असते, म्हणून थोडं विषय सोडून लिहितो. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आमची 'जुनी मिल' सुरू झाली. मागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीचं सूत मिळतं म्हणून निजामाच्या तेलंगणातले पद्मशाली विणकर दुष्काळात गाव सोडून इकडे आले आणि घराघरांत माग लागले. मिलमध्ये मराठी, पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, अशा तीन भाषांत हे शहर वाढलं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर आले, पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस सोलापुरात ब्रिटिशांचं राज्य नव्हतं. मग मार्शल लॉ आला. डोक्यावर गांधी टोपी घालणंही तेव्हा गुन्हा ठरत होतं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मार्शल लॉचं प्रकरण मी गणवेशात राहून वाचतो तेव्हा मान खाली जाते. बंदुका ज्यांच्या हातात होत्या ते सैन्य माझं नव्हतं असं म्हणून सुटता येत नाही, त्यातल्या बऱ्याच पलटणींचा वारसा आपण अभिमानाने मिरवतो.

आणि एक गोष्ट वकील सोडून फार कोणाला माहीत नसते. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, हजारो कामगार घरी बसले. प्रजासत्ताक व्हायच्या काही दिवस आधी सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने, चिरंजित लाल चौधरी यांनी, थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. डिसेंबर १९५० मध्ये तिथे ते तीन विरुद्ध दोन अशा निकालाने हरले. पण नव्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांकडे उरलेली रक्कम मागितली तेव्हा द्वारकादास श्रीनिवास लढले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेतली, असं कोर्ट म्हणालं. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांतला हा एक. अण्णांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भागधारकाचं कोर्टात गेलं, साचेवाल्याचं कोण नेलं?"

तर, अण्णा मैदानात उतरले. मी ऑनलाइन एक चादर मागवली होती. पाकिटावर लिहिलं होतं 'थ्रेड काउंट ४००'. अण्णांनी कड चिमटीत धरली, अंगठ्याने घासली आणि म्हणाले, "चारशे? काच आण." त्यांच्या ट्रंकेत सूत मोजायची एक इंची पितळी काच अजून आहे. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून नातीने काचेवर मोबाईल धरून फोटो काढला आणि मोठा करून मोजलं. उभे ८८, आडवे ७२. एकशे साठ. बाकीचे दोनशे चाळीस धागे कुठे गेले, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एकात दोन-तीन पीळ घालत्यात अन् प्रत्येक पीळ मोजत्यात. गिरणीत असं केलं असतं तर हजेरी कापली असती."

त्यांचं शिकवणं जॉबरचं असतं, एकदाच सांगतात. इंचात उभे आणि आडवे धागे मिळून जो आकडा येतो तो थ्रेड काउंट. चांगल्या एकेरी सुताचं, साध्या विणीचं, १८० ते ३०० च्या मधलं कापड झोपायला उत्तम, त्याला बाजारात 'पर्केल' म्हणतात. त्याच्या वरचे आकडे बहुधा पीळ मोजून आलेले असतात. सॅटिन वीण मऊ लागते, चमकते, पण धागे वर तरंगत असल्यामुळे नखाने, अंगठीने लवकर ओढली जाते. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर. चुणी पडत नाही, लवकर वाळतं, पण घाम धरून ठेवतं. रुग्णाच्या पाठीखाली ते नको, असं सिस्टरही म्हणाल्या होत्या.

मी विचारलं, मग आपली सोलापुरी चादर का नको? अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ती जॅकार्डवर विणलेली, जाड सुताची, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसणारी चादर मुळात पांघरायची. मराठीत आपण अंथरायला आणि पांघरायला एकच शब्द वापरतो, त्यामुळे घोटाळा होतो. ती नक्षी निरोगी माणसाच्या अंगाखाली चालते, चोवीस तास पाठीवर पडलेल्याच्या कातडीला रुतते. भौगोलिक निर्देशनाचा कायदा २००३ मध्ये लागू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला ती नोंद मिळाली. अण्णांना त्याचा आनंद आहे, पण नोंदीने मागावरचा दर वाढत नाही, हेही ते जोडतात.

दुकानातली तयार इलॅस्टिकची सिंगल चादर बहुतेक ७२ बाय ३६ ची आणि सहा इंच जाडीसाठी बेतलेली निघाली. ओढून ताणून बसवली तर बसते. पण सिस्टरांनी फोनवर तेही थांबवलं. फोम दाबला जाऊन अंगाचा आकार घेतो म्हणून पाठीवरचा भार वाटला जातो. चादर ढोलकीच्या कातड्यासारखी ताणलेली असेल तर माणूस फोममध्ये बुडतच नाही, चादरीवर टांगलेला राहतो आणि सगळा भार पुन्हा हाडाच्या टोकावर येतो. म्हणजे चुणी नको आणि ताणही नको. माझ्या खडकवासल्याच्या शिक्षणाला दुसऱ्यांदा धक्का बसला.

तेव्हा शिवून घ्यायचं ठरलं. बंगळूरला कापडाची वाण नाही. जुन्या पेठेत अरळेपेठ म्हणून भाग आहे, अरळे म्हणजे कापूस. १८८४ ची बंगलोर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल, जिला सगळे बिन्नी मिल म्हणत, लष्करासाठी खाकी कापड आणि ब्लँकेटं काढायची. जुन्या वेटरनांच्या अंगावर तिचं कापड असणार. आम्ही मात्र तितक्या लांब गेलो नाही. येलहंक्यातल्याच एका दुकानातून ९० इंच पन्ह्याचं साधं पांढरं कॉटन घेतलं, पावणेतीन मीटर.

हिशेब मांडतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. लांबी ७८ आणि दोन्ही टोकांना अकरा-अकरा, म्हणजे आठ जाडीचे अन् तीन खाली वळवायचे. एकूण १००. रुंदी ३६ आणि २२, म्हणजे ५८. पावणेतीन मीटर म्हणजे १०८ इंच. वरचे आठ इंच कशाला, असं मला वाटलं. अण्णा म्हणाले, "आधी पाण्यात टाक, मग कात्री लाव." कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरात पाच इंचांपर्यंत आटू शकतं. पूर्वी मिलच्या कापडावर 'सॅन्फोराइज्ड' असा शिक्का असायचा, तो याचसाठी. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास कापड आधीच आटवून देण्याची पद्धत काढली, तिचं ते नाव. शिक्का नसेल तर बादली. आम्ही दोन वेळा गरम पाण्यातून काढलं आणि १०८ चे १०३ झाले. तयार चादर मापात घेतली असती तर पहिल्या धुण्यानंतर ती पुन्हा डोक्याकडून सुटली असती.

टेलर घरी आला. अण्णा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलू लागले आणि मी एका बाजूला पडलो. अकरा महिने इथे राहून मला रिक्षावाल्याशी धड बोलता येत नाही, आणि हा माणूस पलंगावर पडून कोपरा कसा कापायचा ते शिकवतोय. चारही कोपऱ्यांतून ११ बाय ११ चा चौकोन कापायचा, कापलेल्या दोन कडा एकमेकींना शिवायच्या, की पेटीचा कोपरा तयार. शिवण बाहेरच्या बाजूला, अंगाखाली एकही शिवण येऊ द्यायची नाही. इलॅस्टिक नुसतं कोपऱ्यात नको, चहूबाजूंनी फिरवायचं, आणि फार ओढून नाही. टेलरला चारच कोपऱ्यांत लावायची सवय होती, त्याने थोडी कुरकुर केली. अण्णांनी त्याला त्याचं गाव विचारलं. तो विजापूरकडचा निघाला, मग सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गोष्टी सुरू झाल्या आणि कुरकुर संपली. उरलेल्या पट्टीत दोन उशांचे अभ्रे निघाले. शिलाई त्याने घेतली नाही, आम्ही बळेच दिली.

दोन चादरी झाल्या, एक अंगाखाली आणि एक धुण्यात. ओल्या होण्याचे प्रसंग येतातच, त्यामुळे तिसरी हवी. पुढच्या आठवड्यात टेलर येणार आहे.

जुन्या सोलापुरी चादरीलाही काम मिळालं. माझ्या ट्रंकेतल्या त्या दोन चादरींपैकी एक अजून आहे. खडकवासला, डेहराडून, मग होल्डॉलमध्ये गुंडाळून सतरा ठिकाणं फिरली. नक्षी जवळजवळ पुसली गेली आहे आणि कापड मलमलीसारखं मऊ झालं आहे. सिस्टरांनी दाखवलं तसं ती दुहेरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी पसरतो, तिला त्या 'ड्रॉ शीट' म्हणतात. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ही. कडा मुठीत गुंडाळायच्या, एक-दोन-तीन म्हणायचं आणि अण्णांना उशीकडे उचलून घ्यायचं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि जखम आतून होते. इलॅस्टिकच्या चादरीने हे काम होत नाही, तिच्या कडा गादीखाली अडकलेल्या असतात. हे झालं की नात पाठीवर हात फिरवून चुणी राहिली का ते पाहते, तिने स्वतःला इन्स्पेक्टिंग ऑफिसर नेमलं आहे.

तो लाल डाग बाराव्या दिवशी फिका झाला. काल सिस्टरांनी दाबून पाहिला तेव्हा पांढरा पडला आणि पुन्हा भरला. कालपासून अण्णा वॉकर धरून दारापर्यंत जातात. सकाळी सहाला विमानतळाकडून पहिलं विमान उठलं की त्यांना जाग येते. इतकी वर्षं भोंग्याने उठायची सवय होती, आता याने उठतो, असं म्हणतात. मग मला हाक मारतात, "चल रे, एक-दोन-तीन."